वरच्या गल्लीची पहिली ओंजळ

सातपूरच्या पुढे टेकडीच्या उतारावर मैत्रीनगर नावाची वसाहत आहे. खालची गल्ली, मधली गल्ली आणि वरची गल्ली, एवढाच तिचा पसारा. पण या तीन गल्ल्यांतल्या चारशे घरांची सकाळ एकतीस वर्षं एकाच माणसाच्या मनगटावर उजाडत होती. त्याचं नाव नवनाथ पगारे. पाणी सोडणारा. सरकारी कागदावर त्याला व्हॉल्व्हमन म्हणत, बायका पाणीवाले भाऊ म्हणत, आणि पाणी उशिरा आलं की जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम दिसायला सोपं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. पण किती फिरवायची, यातच सगळी विद्या. खालच्या गल्लीला नऊ फेरे, मधलीला साडेअकरा, वरचीला पुरे सतरा. पाण्यासारखं आळशी कोणी नाही. उतार दिसला की ते तिकडेच लोळतं. त्याला चढावर न्यायचं तर खालच्यांचा व्हॉल्व्ह बेताने आवळावा लागतो, आणि तो बेत जमला की नाही हे टेकडीच्या माथ्यावरच्या सार्वजनिक नळाशी जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नवनाथ पहाटे सायकल खाली लावून पायी चढ चढायचा, माथ्यावरचा नळ उघडायचा, धार बघायचा. बारीक असली की खाली येऊन अर्धा फेरा आवळायचा आणि पुन्हा वर. पावसाळ्यातही डोक्यावर छत्री नाही, कारण दोन्ही हात चावीला.

मार्चअखेर तो निवृत्त झाला. शाल, नारळ, हार सगळं रीतसर झालं आणि चावी कार्यालयात जमा झाली. पण मनगटाला निवृत्तीचा कागद कोणी वाचून दाखवला नव्हता. साडेचारला जाग यायची आणि गोधडीवर हात आपोआप गोल फिरायला लागायचा.

घरात मुलगा अश्विन, सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आणि सून संजना, शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नर्स. संजनाला वॉर्डप्रमुखाची जागा हवी होती. तिच्यासाठी इंग्रजीतून तोंडी परीक्षा होती, येत्या गुरुवारी. सरावाच्या कागदावर विषय आला होता, तुमच्या वस्तीतल्या एका माणसाबद्दल बोला, लोक त्याला काय मानतात ते सांगा.

शनिवारी संध्याकाळी संजना पोळ्या लाटता लाटता पाठ करत होती. वही पिठाच्या डब्याला टेकवलेली. नवनाथ शेजारी लसूण सोलत बसला होता. त्याचं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजीच्या मास्तरांना शेतीचा नाद भारी. ते फळ्यावर सव्वीस अक्षरं लिहून देत आणि विहिरीवरची मोटर चालू करायला निघून जात. वीज आली की मास्तर गेले, वीज गेली की मास्तर आले, असं ते वर्ष सरलं. त्यामुळे सव्वीस अक्षरांपुढे इंग्रजीत काय काय दडलंय, हे बघायचा योग नवनाथला आलाच नव्हता.

"काय गं, मघापासून एकच एक म्हणतीस?"

"एकच नाही मामा, वेगवेगळं आहे." सासऱ्याला ती मामाच म्हणे. "लोक एखाद्याला काय समजतात, ते सांगायच्या पद्धती आहेत. ऐका. पीपल कन्सिडर हिम ऑनेस्ट. लोक त्याला प्रामाणिक समजतात. पीपल रिगार्ड हिम ॲज अ फ्रेंड. मित्र मानतात. इथे मधे ॲज लागतंच. मग थिंक ऑफ हिम ॲज. मग लुक अपॉन हिम ॲज, म्हणजे त्याच्याकडे त्या नजरेनं बघतात."

"आन नुसती आवई असंल तर? आपल्याकडं नुसतं 'म्हणे' लावलं की भागतं."

"त्यालाही आहे. ही इज सेड टू बी. तो तसा आहे म्हणे."

"आयला! म्हणेलापण हाय?"

"आता खरी गंमत बघा," संजनाही रंगात आली. लाटणं तिने पट्टीसारखं धरलं. "हेच सगळं फिरवता येतं. माणूस पुढे घ्यायचा. ही इज रिगार्डेड ॲज अ फ्रेंड. तो मित्र मानला जातो. आणि मानणारे लोक गाळून टाकायचे."

नवनाथच्या हातातली पाकळी अर्धी सोललेलीच राहिली. "गाळायचे? मानणाऱ्यांनाच?"

"हो. सांगायची गरज नसते."

"तरी ते असत्यात."

"असतातच की. त्यांच्याशिवाय कोण मानणार?"

"अगं, मंग ही तर पाइपलाइन झाली!" नवनाथ उठूनच उभा राहिला. "नळ दिसतो, धार दिसती. पाइप कुणाला दिसतो का? पण पाइप हाय म्हणून धार हाय!"

त्याला खरंच भरून आलं होतं. इंग्रजी म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी आणि कोर्टाची नोटीस, एवढीच त्याची आजवरची ओळख. आणि इथे तर कुठल्या लांबच्या मुलखातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून, माणसाला माणसाबद्दल जे वाटतं त्यासाठी केवढं जाळं घातलं होतं! समजण्याची एक लाइन, मानण्याची दुसरी, नजरेची तिसरी, ऐकीव गोष्टीची चौथी. म्हणजे प्रत्येक माणूस रस्त्याने चालतो तेव्हा त्याच्या पायाखालून इतरांच्या मनातलं त्याच्याबद्दलचं सगळं वाहत असतं, आणि त्याला पत्ता नसतो.

"शेवटचं एक राहिलंय," संजना म्हणाली. "ही इज बिलिव्ह्ड टू हॅव. पुढे केलेलं काम लावायचं. म्हणजे त्यानं पूर्वी अमुक केलं, असं लोक मानतात. याला उदाहरण मिळत नाहीये."

नवनाथ पुन्हा लसूण सोलायला बसला. उदाहरण त्याला माहीत होतं.

"बाकीचं तुमच्यावरच लिहिलंय मामा. माय फादर-इन-लॉ इज रिगार्डेड ॲज अ गॉड इन अवर कॉलनी."

"देव? कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"विचारलंस का कुणाला?"

"अहो मामा, परीक्षा घेणाऱ्या बाई काय गल्लीत येऊन चौकशी करणार आहेत?"

"त्या नाय येणार. पण लोकांच्या मनातलं लोकांना न इचारता कसं सांगायचं? धार हाय का नाय, ते नळापाशी जाऊनच बघावं लागतं."

आणि रविवारी सकाळी सासरा-सून वही घेऊन खरोखरच निघाले.

पहिली भेटली लताबाई, खालच्या गल्लीच्या तोंडाशी इडलीची गाडी लावणारी. प्रश्न ऐकून तिने पळी हवेतच धरली.

"नवनाथभाऊला काय मानतो? घड्याळ! आमचे सासरे शेवटची चार वर्षं आंधळे होते. पहाटे चावीचा खणखणाट आला की म्हणायचे, लता, पाच झाले, तांदूळ वाट. एकदा भाऊ तापानं आजारी, बदली माणूस आला सहाला. म्हातारा सहालाच पाच समजून बसला. दुपारचं जेवण मागितलं दोनला, आणि दिवसभर मलाच दटावतोय की, लता, आज ऊन लवकर कलतंय, काहीतरी बिघडलंय!" मग ती थांबली. "गेले त्या पहाटेपण चावी वाजली होती. पाच झाले म्हणाले, आणि गेले."

नवनाथ तिच्याकडे बघतच राहिला. एकतीस वर्षं आपण लोखंडावर लोखंड आपटत होतो, आणि त्या आवाजाचं कोणाच्या अंधारात काय होत होतं, हे त्याला आज कळत होतं. संजनाने वहीत लिहिलं.

मधल्या गल्लीत चिमाजी टेलर मशीनवर बसला होता. हातात सूत, दातात सुई.

"लिही पोरी, हट्टी. एक नंबर हट्टी माणूस. माझ्या थोरलीच्या लग्नात म्हणालो, अर्धा तास जास्त सोड. तोंडावर नाय म्हणाला. वरच्या गल्लीचं तुटंल म्हणे. वऱ्हाड दारात आणि पाणी नाय!"

"हट्टी लिहू ना खरंच?" संजनाने नवनाथकडे पाहिलं.

"थांब, पुढचं ऐक. नऊ वाजता हाच माणूस सायकलीला चार कॅन बांधून दारात. स्वतःच्या घरचं पाणी. तीन खेपा केल्या. आणि तिसऱ्या खेपेला आमचे व्याही ह्याला विचारतात, कॅनचा काय भाव? ह्याला पाणी विकणारा समजले!" चिमाजी सुई काढून हसला. "हट्टीच लिही. त्याला इंग्लिशमधी जो सगळ्यात मोठा शब्द असंल तो घाल."

दोन गल्ल्या होईपर्यंत वहीची तीन पानं भरली. संजना म्हणाली, "पुष्कळ झालं मामा, चला घरी."

नवनाथ चढाच्या पायथ्याशी उभा होता. "वरची गल्ली राहिली."

"राहू द्या ना." तिलाही थोडंफार ठाऊक होतं.

"तुझ्या शेवटच्या वाक्याचं उदाहरण वर हाय," तो म्हणाला आणि चढायला लागला.

ही वरच्या गल्लीची गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. दुष्काळाचा उन्हाळा होता. दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. एका सकाळी माथ्यावरच्या नळाशी कोंडाजी आव्हाडने रिकामा हंडा आपटला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "पाणी तुझ्या बापाचं हाय का रे?" कोंडाजी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक, तोंडाचा फटकळ.

पाणीवाल्याला हे वाक्य महिन्यातून चारदा ऐकावं लागतं. पण त्या दिवशी ते आत घुसलं. कारण नवनाथच्या बापाचं पाणी खरंच कधी नव्हतं. सिन्नरकडच्या त्याच्या गावात लहानपणी तो आजीचं बोट धरून विहिरीवर जायचा. आजी रिकामी घागर घेऊन लांब एका दगडावर बसायची. काठाला हात लावायचा नाही, बाकीच्या बायकांचं भरून झालं आणि कोणा बाईच्या मनात आलं तर तिने वरून ओतायचं. कधी ऊन डोक्यावर यायचं. त्या आजीच्या नातवाने नोकरीच्या पहिल्या दिवशी चारशे घरांची चावी खांद्यावर घेतली होती. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मग कोंडाजीला तरी कुठून माहीत असणार?

नवनाथ रुसला. पुढच्या पाळीला त्याने वरच्या गल्लीचे सतरा फेरे मोजून फिरवले, पण चढ चढून धार बघायला गेला नाही. त्याच्या पुढच्या पाळीलाही नाही. धरणच तळाला गेलेलं, जोर कमी, खालच्यांचं आणखी आवळल्याशिवाय पाणी माथ्यावर पोचणार नव्हतं. हे त्याला कळत होतं. असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी कोंडाजीची बायको सावित्रीबाई खालून हंडा भरून आणताना चढावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. गल्ली म्हणाली, नवनाथने आमचं पाणी बिल्डरला विकलं. नवनाथने ते कधी खोडलं नाही. खरं त्याहून लाजिरवाणं होतं.

त्यानंतर नऊ वर्षांत वर जाणं त्याने एकदाही चुकवलं नाही. नळ उघडायचा, ओंजळभर पिऊन बघायचा, खाली यायचा. आणि वरच्या गल्लीच्या बायका हंडे घेऊन पाच-सहा पावलं लांब, गप उभ्या राहायच्या. तो नळापासून हलल्याशिवाय एक बाई पुढे यायची नाही. तो मनात म्हणायचा, बरोबर आहे. माझ्याजवळ उभं तरी कोण राहील?

कोंडाजी ओट्यावर कुणाचा तरी मिक्सर खोलून बसला होता.

"कोण, नवनाथ? रिटायर झाल्यावर बरा चढ दिसला तुला!"

संजनाने चाचरत सगळं सांगितलं. कोंडाजीने पेचकस तिच्याकडे रोखला. "इंग्लिशमधी सांगणार व्हय? मंग लिही. त्या दुष्काळात ह्यानं आमचं पाणी इकलं, असं मी मानतो."

संजनाचं पेन जागीच थांबलं.

"लिही," नवनाथ म्हणाला. मग कोंडाजीसमोर उकिडवा बसला. "पण इकलं नव्हतं कोंडाजी. मी वर आलोच नाय. अकरा दिवस. धार बघितली असती तर खालचं आवळलं असतं आन तुम्हाला पाणी आलं असतं. मुद्दाम नाय बघितली. तुझा राग आला हुता."

"माझा? मी काय केलं?"

"बाप काढलास."

"कधी?" कोंडाजी खरोखरच आठवायला लागला. "आरं, मी रोज कुणाचा तरी काढतो. डेपो मॅनेजरचा काढला, हिच्यापण बापाचा काढतो."

"माझ्या बापाचा तर सणावारीसुद्धा चुकत नाय," आतून सावित्रीबाईचा आवाज आला.

"अकरा दिवस! एवढ्यावरनं? लेका, इकलं असतंस तर परवडलं असतं, तुझ्या पदरात तरी काही पडलं असतं!"

तेव्हा नवनाथने आजीची गोष्ट सांगितली. चारच वाक्यं. घागर, लांबचा दगड, डोक्यावरचं ऊन, आणि चावी खांद्यावर घेतली तो दिवस. कोंडाजीने पेचकस खाली ठेवला. मिक्सरचं झाकण उगाच फिरवून बघितलं. कोंडाजी गप्प आहे हे बघायला शेजारच्या दारातून दोन माणसं डोकावून गेली.

सावित्रीबाई बाहेर आली. डावं मनगट अजून जरा वाकडंच होतं. नवनाथने हात जोडले. "वहिनी, तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

"मोडला तर खरा. तीन महिने ह्यांनी भाकरी थापल्या. एकेक भाकरी म्हंजी जिल्ह्याचा नकाशा, मालेगाव एकीकडं, येवला दुसरीकडं." ती हसली नाही. "पण आता चोर म्हणत्यात ते हे एकटे. गल्लीचं ऐकायचं असंल तर माझ्यामागं चला."

ती त्यांना नळापाशी घेऊन गेली. सकाळचं पाणी येऊन गेलं होतं, फरशी अजून ओली होती. कट्ट्यावर एक पितळी तांब्या होता, वर थाळी झाकलेली.

"हा तुमचा."

"माझा?"

"हात मोडल्यावर पहिलं पाणी आलं ते गढूळ होतं, आठवतंय? तुम्ही ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकलं, आन खाली पळालात. अर्ध्या तासानं परत आलात, परत प्यायलात, आन मान हलवलीत. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, नवनाथभाऊनं पहिली ओंजळ घेतल्याबिगर हंडा लावायचा नाय. नव्या सुना आल्या की पहिल्या दिवशी सांगतो. पोरीबाळींनासुद्धा पाठ हाय."

नवनाथ कट्ट्याला धरून उभा होता. "म्हंजी तुम्ही लांब थांबायच्या त्या..."

"तुम्ही प्यायची वाट बघत. मंग काय?"

"मला वाटायचं, माझ्याजवळ यायला नको म्हणून."

"अगं बाई!" सावित्रीबाईने कपाळावर हात मारला. "नऊ वर्षं? आन तोंडानं इचारलं नाय?"

काय विचारणार होता तो? पाणी, आणि त्याच्यापासून लांब थांबलेली माणसं, याचा एकच अर्थ त्याला लहानपणी शिकवला गेला होता. दुसरा अर्थ असू शकतो, हे त्याच्या ध्यानीमनी कधी आलं नव्हतं. आणि तो दुसरा अर्थ नऊ वर्षं रोज पहाटे त्याच्या पाठीमागे हंडे घेऊन उभा होता.

"आता नवा पोरगा वर येतच नाय," सावित्रीबाई म्हणाली. "धार बरी असती, खालनंच सोडतो. मंग पहिलं पाणी घ्यायचं कुणी? म्हणून रोज पहिला तांब्या भरून हितं ठेवतो. संध्याकाळी पारिजातकाला घालतो. सहा आठवडे झाले."

तिने थाळी काढली. नवनाथने पाण्याकडे पाहिलं. मग खाली बसून ओंजळ पुढे केली. सावित्रीबाईने वाकून, ओंजळीच्या अगदी जवळ तांब्या आणून, थेंब न सांडता पाणी ओतलं. तो प्यायला. पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायला. संजनाची वही केव्हाच मिटली होती.

कोंडाजी मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "नोकरी गेली म्हणून ओंजळबी गेली काय? उद्यापासून येत जा. आन पाणी..." तो अडखळला. "पाणी तुझ्या बापाचंबी हाय. लिही गं पोरी, हे माझ्या नावानं लिही."

गुरुवारी संजनाची तोंडी परीक्षा झाली. घड्याळ सांगितलं, हट्टी सांगितलं, मानणारे गाळायचे असतात हे माहीत असूनही तिने लताबाई, चिमाजी, कोंडाजी, सावित्रीबाई सगळ्यांची नावं घेतली. शेवटी ओंजळीशी आली आणि अडली. शब्दच सापडेना. मग तिने टेबलावर दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि पुढे धरली. समोरच्या तिघी परीक्षक त्या रिकाम्या ओंजळीकडे वाकून बघत राहिल्या, जणू तिच्यात काही आहे. वॉर्ड तिला मिळाला.

पण ते गुरुवारचं. त्याआधी सोमवारी पहाटे साडेचारला नवनाथ उठला आणि चावीविना, रिकाम्या हातांनी चढ चढला. माथ्यावर बायका आधीच आल्या होत्या. नळापासून पाच-सहा पावलं लांब, हंडे कमरेवर, गप. नळाने आधी हवा सोडली, मग थोडा फुरफुरला, मग धार लागली. नऊ वर्षांत ओंजळ धरताना नवनाथने मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. आज वळला. चाळीस-पन्नास डोळे त्याच्या हातांकडे लागले होते.

त्याने ओंजळ धारेखाली धरली.